पोलाद कोणत्या अंगाला?

माझ्या टेबलावर कायम एक लिंबू असतं. नवीन गिऱ्हाइकाला वाटतं, नजर लागू नये म्हणून ठेवलंय. एका बाईंनी तर विचारलं, "मग मिरच्या कुठायत?" मी म्हटलं, मिरच्या आमच्या युसुफभाईंच्या जिभेवर आहेत. ते आत भट्टीपाशी होते. तिथूनच म्हणाले, "सुना मैंने, साहेब." लिंबाचं कारण पुढे सांगतो. आधी चाकूंबद्दल सांगायला हवं, कारण संपादकांनी 'पोलादावर लिहा, पण वाचकाला झोप येऊ देऊ नका' अशी दुहेरी अट घातली आहे.

सातपूरला आमची पत्र्याची छोटी शेड आहे. तिथे मी आणि युसुफभाई चाकू, सुऱ्या आणि बागेत कलम करायची हत्यारं बनवतो. आम्ही दोघं नाशिकच्याच एका कारखान्यातून निवृत्त झालो. ते घणाच्या मशीनवर होते, मी हीट ट्रीटमेंटला, म्हणजे धातू तापवून कडक करायच्या खात्यात. ते ठोकायचे आणि मी तापवायचो. घरी आमच्या दोघांच्या बायकांचं मत होतं की हे दोन्ही गुण आम्ही कारखान्यातच ठेवून यावेत.

मी सायखेड्याचा. वडील साखर कारखान्यात बॉयलरमध्ये उसाचा भुसा लोटायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मी पुण्याला धातुशास्त्र शिकायला गेलो तेव्हा वडिलांना त्या शब्दाचा पत्ता नव्हता. ते गावात सांगायचे, "पोरगा लोखंडाचा डॉक्टर होतोय." पुढे नोकरी लागली तेव्हा गावाला सांगताना त्यांनी परस्पर मला ओझरच्या कारखान्यात विमानं बनवायला लावलं. मी सुट्टीत गावी गेलो की म्हातारी माणसं आभाळात विमान दिसल्यावर माझ्याकडे कौतुकानं बघायची. मी विमानाचा खिळासुद्धा बनवला नव्हता, पण वडिलांच्या तोंडावर कसं सांगणार? थोरल्या बहिणीनं शाळा सोडून कांदे निवडायला जायला सुरुवात केली, तेव्हा मी पुण्याच्या वसतिगृहात राहू शकलो. तिच्या घरातली विळी मीच बनवून दिली आहे. ती सांगते, "बरी हाय, पण जुनीची सर नाय." नाशिक जिल्ह्यात कौतुक याच मापानं मिळतं.

तर गिऱ्हाईक आलं की मी पहिला प्रश्न विचारायचो: "घरात चाकू पुसतं कोण?"

लोक गोंधळायचे. पण कुठलं पोलाद घ्यावं, हे याच उत्तरावर ठरतं. हाय कार्बन स्टील म्हणजे ज्यात कार्बन जरा जास्त आहे असं पोलाद. लाल तापवून तेलात बुडवलं की ते कडक होतं, इतकं की फरशीवर पडलं तर काचेच्या बांगडीसारखं फुटेल. मग त्याला पुन्हा मंद आचेवर ठेवून थोडा ताठा उतरवावा लागतो. नवीन हेडमास्तर झालेल्या माणसाचं जसं पहिल्या वर्षी करतात तसं. असा चाकू अंगभर एकाच पोलादाचा असतो. कुठूनही घासा, आत तेच. धार सुरेख लागते, मात्र ओला ठेवला की गंजतो आणि लिंबू, कांदा कापला की काळवंडतो.

आमच्या शेजारी राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका पाटणकरबाई असा चाकू घेऊन गेल्या आणि आठवड्यात परत आल्या. "अहो, हा काळा पडला. लग्नाआधी गोरा दाखवलात तुम्ही."

मी म्हटलं, "बाई, रंगावर जाऊ नका, गुण बघा."

"हे मी तीस वर्षं मुलींच्या आयांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही. मी का ऐकू?"

शेवटी त्यांनी तोच चाकू ठेवला. आता त्या काळ्या पात्यावर त्यांना इतका अभिमान आहे की सुनेला हात लावू देत नाहीत. सून खूश आहे.

दुसरा प्रकार लॅमिनेटेड, म्हणजे थरांचा. पुरणपोळी डोळ्यांसमोर आणा. मधलं पुरण म्हणजे कडक पोलाद आणि दोन्हीकडची पारी म्हणजे मऊ लोखंड. पोलाद धार धरतं आणि लोखंड त्याला तुटू देत नाही. हे थर भट्टीत, सांधा धरायला टाकणखार टाकून, लाल-पांढरे तापवून, ठोकून एकजीव करतात. लोकांना ही परदेशी कला वाटते. आपले लोहार कोयत्याला आणि कुऱ्हाडीला पोलाद भरत आले, ते हेच. फक्त त्याला इंग्रजी नाव नव्हतं, म्हणून त्याचा भाव वाढला नाही. गंगापूर रोडच्या एका हॉटेलातला तरुण आचारी थरांची नक्षी बघून भारावला आणि मोठी सुरी घेऊन गेला. महिन्यानं टोक मोडून आणलं. त्यानं त्या सुरीनं पत्र्याचा डबा उघडला होता. "पण थरांची होती ना?" हा त्याचा प्रश्न. युसुफभाई म्हणाले, "बेटा, बिल्डिंगलापण थर असतात. म्हणून वरून उडी मारायची का?"

कलम करायच्या सुरीत मात्र पुरणपोळी चालत नाही. तिथे दोनच थर असतात. एका अंगाला पोलाद, दुसऱ्या अंगाला लोखंड. पोलादाचं अंग सपाट ठेवायचं आणि लोखंडाच्या अंगानं उतार घासायचा. मऊ लोखंड भराभर झिजतं, आणि अगदी कडेला उरते ती पोलादाची बारीक रेघ. तीच धार. म्हणून ही सुरी दगडावर चार हात मारले की पुन्हा तरतरीत होते. मी या सुरीच्या प्रेमात होतो आणि अजूनही आहे. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझी फजिती याच प्रेमापायी झाली.

श्रावणात लताबाई आल्या. निफाडच्या बाजूच्या एका खेड्यातल्या, चाळिशीच्या, बोलायला सडेतोड. द्राक्षाची कलमं करणाऱ्या टोळीत त्या बरीच वर्षं होत्या. आमच्याकडे रानटी जातीचं मजबूत खोड आधी लावतात, आणि पावसाळ्याच्या शेवटाला त्याच्यावर चांगल्या जातीच्या काडीचं कलम करतात. खोड मधोमध चिरायचं, काडीला पाचरीसारखा आकार द्यायचा, आत बसवायची आणि पट्टीनं गुंडाळायची. पाचर सपाट हवी, म्हणून सुरीचं सपाट अंग काडीला टेकून चालावं लागतं. मध्ये केसभर फट राहिली तर काडी वाळते.

लताबाईंनी त्या वर्षी मुकादमाची टोळी सोडून स्वतःची टोळी केली होती, सगळ्या बायकांची. पहिला प्लॉट एका बागायतदारानं दिला होता. त्यांना गाव बापू म्हणायचं.

"साहेब, आजवर दुसऱ्याच्या सुरीनं काम केलं. आता सोताची पायजे. बापूंनी प्लॉट दिला, पण लोक म्हणत्यात, बाईची टोळी किती टिकते बघू."

यावर मी त्यांना व्याख्यान दिलं. पुरणपोळी, पारी, कार्बन, सगळं. युसुफभाईंनी चहा आणला, तो संपला, कप धुऊन झाले, तरी माझं चालूच. लताबाईंनी उजव्या हातानं चहा घेतला, उजव्या हातानं पैसे दिले आणि मी टेबलावर ठेवलेली सुरीही उजव्या हातानं उचलून कपाळाला लावली. मी खूश. वर सांगितलं, "ही सुरी तुमचं नाव काढेल."

त्यानंतर त्या आल्या त्या थेट खंडेनवमीला.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते आणि त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही, त्याला विश्रांती द्यायची, ही कारखान्यातली जुनी रीत. मी बौद्ध, घरी पूजाअर्चा नाही. पण झेंडूच्या माळा घातलेली मशीनं बघायला मला आवडतं आणि पेढा खायला त्याहून. आमच्या शेडमध्ये या दिवसाचे खरे कडक पुजारी म्हणजे युसुफभाई. घणाच्या मशीनवर आयुष्य काढलेला माणूस. "साल में एक दिन लोहा आराम करतो. तो दिवस त्याचा." सकाळपासून त्यांनी ग्राइंडर, हातोडे, सांडशा पुसून, फुलं वाहून मांडल्या होत्या. सगळ्यांच्या पुढे आमची पहिली सुरी होती. शेड उघडली तेव्हा जुन्या कानशीतून युसुफभाईंनी ठोकलेली आणि मी तापवलेली, अंगभर हाय कार्बन. ती आम्ही विकत नव्हतो.

लताबाई दारातच थांबल्या. चपला काढल्या, पूजेला हात जोडले आणि मग माझ्यासमोर सुरी ठेवली.

"साहेब, तुमची सुरी लय नाजूक हाय. चार काड्या झाल्या की धार मान टाकते. पहिल्या वळीतल्या काड्या सगळ्या वाळल्या."

मी चपापलो. "सगळ्या?"

"पार. बापू म्हणले, पुन्हा कर. उद्या दसऱ्याला सकाळीच ते येत्याल बांधावर. काड्या कापून आणल्यात, ओल्या पोत्यात हायेत. उद्याचं काम मनासारखं नाय झालं तर जुन्या मुकादमाला बोलावणार. एकदा तो आला का संपलं. पुन्हा कोन देतंय मला प्लॉट?" आणि थोडं थांबून, "आज कुनीच हत्यार उचलत नाय, म्हनून यायला सवड झाली."

मी सुरी उचलली. धार खरंच वळलेली होती, पत्र्यासारखी. माझं पोलाद असं वळणार नाही, हे मला माहीत होतं. आणि वळलं होतं, हेही दिसत होतं.

"युसुफभाई, तुम्ही पोलादाऐवजी काय घातलंत यात?"

"तुम्ही तापवताना झोपला होता का?"

असं आमचं सुरू झालं. शेवटी मला पाटणकरबाई आठवल्या. लिंबानं पोलाद काळं पडतं, मऊ लोखंड त्या मानानं पांढरंच राहतं. ग्राइंडरसमोर लिंबू वाहिलेलं होतं. मी हात घातला तर युसुफभाई ओरडले, "पूजेला हात नाही!"

"लिंबू हत्यार आहे का?"

त्यांनी विचार केला. "नाही. पण कापायचं नाही."

मी लोखंडाचा डॉक्टर, ते लिंबू दातानं फोडलं. रस पात्यावर चोळला आणि आम्ही तिघं वाकून बघत बसलो. हळूहळू एक अंग काळवंडलं. पण काळा रंग कडेपर्यंत पोचेचना. कडेची रेघ पांढरी ती पांढरीच. म्हणजे धार पोलादाची नव्हतीच. पोलादाच्या अंगावर कुणीतरी उतार घासून ते कडेवरून काढूनच टाकलं होतं आणि लोखंड तेवढं पुढे आलं होतं.

"ही कुणी घासली?"

"बाजारातल्या धारवाल्यानं. मीच सांगितलं. सुरी उलटी वाटली, म्हनून उतार दुसऱ्या अंगाला काढून घेतला."

"उलटी कशी? काडी कशी कापता, दाखवा."

सुरी चालवायची नव्हती, म्हणून त्यांनी पूजेतल्या पुड्यातून एक उदबत्ती घेतली. ती उजव्या हातात धरली आणि डाव्या हाताचं बोट सुरीसारखं तिच्यावरून झरकन ओढलं. इतकं सफाईनं, की माझ्या तोंडून 'वा' निघणार होतं.

"तुम्ही डावखुऱ्या?"

त्यांनी डावा हात पटकन पदराखाली घेतला. जणू मी चोरी पकडली. "कामापुरतीच. देता-घेताना उजवा, कामाला डावा. तुमच्यासमोर डाव्या हातानं सुरी घ्यायची व्हय? आईनं हेच शिकवलंय. शाळेत बाईनं पट्ट्या मारून शिकवलंय. बापूंना कळलं तवा म्हणले, डाव्या हाताचं कलम लागत नसतं."

मी खुर्चीत बसलो. इतकं मोठं व्याख्यान दिलं, त्यात हा एक प्रश्न मी विचारला नव्हता. आणि विचारला असता तरी त्या 'उजवा' म्हणाल्या असत्या. चूक कुणाची, यावर मी आणि युसुफभाई अजून वाद घालतो. ते धारवाल्याला दोष देतात. मी आमच्या सगळ्यांच्या आयांना देतो.

पण उद्याचं काय? हात बदलला की काडीला टेकणारं अंगही बदलतं. डाव्या हाताची थरांची सुरी हवी तर पोलाद दुसऱ्या अंगाला घालून पुन्हा ठोकायला हवी होती. भट्टी थंड, घण फुलांखाली, आणि राखण करायला युसुफभाई.

मी म्हटलं, "युसुफभाई, एक दिवस. बाईंचा प्लॉट जाईल."

"साहेब, तुम्हाला पूजाच मान्य नाही, मग मोडायला काय जातं? मी मांडली आहे." ते पूजेसमोर उकिडवे बसले. मग त्यांची नजर पुढच्या त्या कानशीच्या सुरीवर गेली. "हिला अंग नाही," ते म्हणाले. "चारी बाजूंनी एकच. जिकडून घासू तिकडून पोलाद."

ही गोष्ट मी त्यांना कारखान्यात शिकवली होती, असं मला म्हणायचं होतं. पण ती वेळ नव्हती.

"पण ती पूजेतली आहे," मीच म्हटलं.

"पूजेतला नारळ फोडून वाटतात ना? मग हा प्रसाद."

"आणि घासायची कशानं? सगळं तर मांडलंय."

ते उठले, मोरीतल्या बादलीत हात घातला आणि धारेचा दगड बाहेर काढला. दगड भिजत पडला होता. पूजेत मांडायला आम्ही विसरलो होतो. "हा सुट्टीवर नाही," युसुफभाई म्हणाले.

मग दुपारभर ते दगडावर बसले. एक अंग सपाट आणि दुसऱ्यावर उतार, डाव्या हाताच्या हिशेबानं. थरांची सुरी असती तर चहा उकळेपर्यंत झाली असती. हे पोलाद अंगभर कडक, हटता हटेना. मी मध्येच म्हटलं, "बघा, लॅमिनेटेडचा फायदा."

युसुफभाईंनी घाम पुसला. "साहेब, आत्ता नको."

लताबाई म्हणाल्या, "चाचा, मी घासते थोडं."

"आज हत्यार चालवायचं नसतं, बेटी."

"मंग तुमी काय करताय?"

"मी प्रसाद घासतोय."

संध्याकाळी त्यांनी सुरीची धार हाताच्या केसांवर फिरवून बघितली. लिंबाचा उरलेला रस लावला. यावेळी काळा रंग थेट कडेपर्यंत गेला. आमच्याकडे सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

लताबाईंचा उजवा हात सवयीनं पुढे आला आणि मध्येच थांबला. त्यांनी युसुफभाईंकडे बघितलं.

"ज्या हाताची आहे त्या हातानं घे," ते म्हणाले.

त्यांनी डाव्या हातानं सुरी उचलली. मूठ हातात बसताच त्यांचा चेहरा जरा सैल झाला. माझ्या सगळ्या व्याख्यानात तो तसा झाला नव्हता. मी एवढंच सांगितलं, "रोज पुसा. ही गंजते."

"मला येतं पुसायला. तुमी फकस्त व्याख्यान नका देऊ."

दसऱ्याला त्यांनी काम पुरं केलं. दोन-अडीच आठवडे आम्हाला काही कळलं नाही. त्या दिवसांत युसुफभाई भट्टीपाशी उगाच मोबाइल तपासत बसायचे, आणि विचारलं की म्हणायचे टाइम बघतो. मग एका सकाळी फोटो आला. पट्टी गुंडाळलेल्या काडीवर हिरवा, नखाएवढा फुटवा. त्याच्यामागे रांगेत तसेच आणखी, बांधापर्यंत. खाली काही लिहिलेलं नव्हतं. जुना मुकादम त्या बागेत आला नाही. लताबाईंची टोळी पुढच्या वर्षीही तिथेच होती, आणि शेजारच्या बागेतही.

ती सुरी आम्ही परत मागितली नाही. लताबाई मात्र खंडेनवमीला तिला आठवणीनं घेऊन येतात, फडक्यात गुंडाळून. रसानं काळी झालेली, घासून घासून जरा बारीक झालेली. युसुफभाई तिला पूजेत पहिल्या जागी ठेवतात आणि दसऱ्याला परत देतात. दगडही आता पूजेत असतो. पळवाट ठेवायची नाही म्हणे, लोकांना सवय लागते.

आणि मी 'हात कुठला?' असं कुणाला विचारत नाही. सगळे 'उजवा' म्हणतात, पट्ट्या खाल्लेले तर जास्त जोरात. मी टेबलावरचं लिंबू उचलतो, 'झेला' म्हणतो आणि टाकतो. जो हात पुढे येतो, तो कामाचा. त्यावरून पोलाद कोणत्या अंगाला घालायचं ते ठरतं.

गेल्या खंडेनवमीला लताबाईंबरोबर बापू आले. पांढरी टोपी, भारदस्त मिशा. बायकांच्या टोळीची कलमं बघून आता त्यांनाही स्वतःची सुरी हवी होती. म्हणाले, "साहेब, लताबाईंच्या कामाला तोड नाय. पण खरं सांगू का, डावा हात तो डावाच."

मी लिंबू उचललं. "बापू, झेला," म्हटलं आणि टाकलं.

त्यांनी ते हवेतच पकडलं, पोरासारखं चपळाईनं. मग आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. लिंबू हळूच उजव्या हातात घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

युसुफभाई भट्टीत काहीतरी शोधायला वाकले. लताबाई पूजेसमोर बसून सुरी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. फक्त म्हणाल्या, "साहेब, बापूंच्या सुरीला पोलाद माझ्या हाताच्याच अंगाला घाला."